यंदाच्या हंगामातलं तिसरं नाटक

विभागाच्या फळ्यावर यंदाच्या हंगामाचं पत्रक लागलं आहे. पोंगल झाला की आमच्या विद्यापीठाची नाट्यमंडळी चार नाटकं करणार. पहिलं तमिळ, दुसरं इंग्रजी, चौथं लहान मुलांसाठी, तेही तमिळच. तिसरं मात्र आमच्या घरच्या मराठीत आहे. त्याचं नाव तमिळ लिपीत छापलंय, कारण देवनागरीत छापलं असतं तर ते वाचायला फळ्यापाशी मी एकटीच उभी राहिले असते. तशी मी उभी राहतेच. कॉफीचा पेला हातात घेऊन, काही काम नसताना, जाता-येता. परवा शिपायानं काळजीनं विचारलं, "अम्मा, छापण्यात काही चुकलंय का?" मी म्हटलं, नाही बाबा, बरोबर छापलंय, तेच बघतेय.

उन्हाळ्यात मी निवृत्त होणार. इतकी वर्षं मी या मंडळीत वेशभूषा शिकवली. म्हणजे दुसऱ्यांच्या नाटकांतल्या राजांना कमरेत आवळलं आणि राण्यांचे पदर टाचले. ऐन प्रयोगात एका सेनापतीचं धोतर सुटलं, तेव्हा विंगेतून त्याला खुणा करणारी मीच होते. त्या कामानं माझं पोट भरलं आणि मनही भरलं, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण जायच्या आधी एक नाटक आपलं स्वतःचं, आपल्या भाषेत, हंगामात लागावं अशी एक इच्छा होती. ती मी फारशी कुणाला सांगितली नव्हती. सांगितल्यावर लोक "वा वा" म्हणतात आणि काम तिथंच थांबतं, हा माझा अनुभव आहे.

आमची माणसं मराठ्यांच्या राज्यात इकडं आली आणि राहिली. किती पिढ्या झाल्या ते मोजायचं आम्ही केव्हाच सोडून दिलं. बाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी, आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असं आमचं चालत आलं. मी आत्ता लिहितेय ते मराठी मात्र घरचं नव्हे. ते मी पुण्यात शिकले. वडिलांनी हट्टानं मला तिकडं नाट्यशिक्षणाला पाठवलं होतं. माझं बोलणं ऐकून तिथल्या मैत्रिणी पोट धरून हसायच्या आणि मग मला घरी जेवायला न्यायच्या. त्या हसण्याचा राग कधीच विरला. जेवणाची आठवण अजून आहे.

आता घरात माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस एकच उरलंय, माझी अत्या; पुण्यात आत्या म्हणायचे. मुलगा कोइंबतूरला असतो. मी फोनवर मराठीत विचारते, तो तमिळमध्ये उत्तर देतो, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. पण अत्यानंतर मी कुणाला काय विचारणार आणि कोण मला काय सांगणार, हा प्रश्न अलीकडं दुपारच्या वेळी मला छळू लागला होता. नाटक लावायचं तर याच हंगामात, कारण मी गेल्यावर मराठी नाटकाचा विषय काढणारं विभागात कुणी राहणार नव्हतं.

आमच्याकडं नाटक हंगामात घ्यायची एक रीत आहे. ती आमच्या विभागप्रमुख सरांनी पाडली. त्याला आम्ही चवीचा दिवस म्हणतो. ज्याला नाटक करायचंय त्यानं तालमीच्या हॉलमध्ये त्यातला थोडा तुकडा करून दाखवायचा. बघायला कुणीही यावं. विद्यार्थी येतात, कँटीनवाले येतात, माळी येतात, ग्रंथालयातल्या बायका तर पहिल्या रांगेत असतात. आणि नाटक आणणाऱ्यानं सगळ्यांसाठी घरून खायला करून आणायचं. नाटक पडलं तरी माणसं उपाशी जायला नकोत, असं सरांचं म्हणणं. तुकडा संपला की नटांनी जिथल्या तिथं थांबायचं आणि गप्प राहायचं. सर समोर घड्याळ ठेवतात. तेवढ्या वेळात बघणाऱ्यांपैकी कुणी "अप्पुरम?" म्हणजे "पुढं काय?" असं आपणहून विचारलं, तर नाटक हंगामात. कुणीच विचारलं नाही तर टाळ्या वाजवून, खाऊन घरी.

टाळ्यांना सर विचारत नाहीत. ते म्हणतात, टाळ्या भिडेखातर वाजतात, पुढं काय म्हणून भिडेखातर कुणी विचारत नाही.

मी सरांकडं गेले आणि मराठी नाटकाचं बोलले. सरांनी पाय खुर्चीवर घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पार्क्कलाम." बघू या. आमच्या गावात या शब्दाचा अर्थ माणूस बघून लावावा लागतो. लग्न जमवणाऱ्यानं म्हटलं तर नकार समजायचा, प्लंबरनं म्हटलं तर पुढचा आठवडा. सरांनी म्हटलं तर खरोखरच ते बघणार असतात. हा त्यांचा मोठा गुण. त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नाही. पण एवढंच म्हणाले, "बघणाऱ्यांना कळणार कसं, ते तुम्ही ठरवा. मी चष्मा घालून बसेन."

मी झपाट्यानं नाटक लिहिलं. मोठं. त्यात एक कुटुंब, तीन पिढ्या, एक लग्न, एक भांडण, एक तरुण जो परदेशी जातो आणि एक तरुणी जी जात नाही. संवाद असे लिहिले की लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. आमच्या मराठी घरांतले चार विद्यार्थी विद्यापीठात सापडले. एक थोरली, एम. ए.ची, भीडभाड नसलेली. एक पापनाशमची, रोज बसनं येणारी, जिच्या वेळेवर आमच्या तालमीची वेळ ठरायची. एक मुलगा, तरुणाच्या कामासाठी. आणि एक धाकटी, पहिल्या वर्षाची, जी इतकी कमी बोलायची की हजेरीला नुसता हात वर करायची.

देवनागरी चौघांपैकी कुणालाच येत नव्हती. म्हणून सगळं नाटक मी तमिळ लिपीत उतरवून दिलं, आणि बोलणं शिकवायला अत्याला नेमलं. तालीम आमच्याच घरी, पुढच्या ओट्यावर. अत्या ऐंशीच्या पुढची आहे. दात अर्धे गेलेत, पण कान असे की ओट्यावर बसून आत दूध उतू जातंय हे तिला आधी कळतं. शिकवायची तिची पद्धत एकच. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायला लावायची. एकदा म्हणून कुणी थांबलं की हात वर करायची, आणि हात तसाच ठेवून वाट बघायची.

पंधरवड्यानं मी पहिल्यांदा सलग ऐकायला बसले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चौघांनाही सगळं पाठ होतं, उच्चार स्वच्छ होते, आणि चौघंही अत्या झाली होती. परदेशी निघालेला तो तरुण कमरेवर हात ठेवून, सुस्कारा टाकून, शब्दांच्या मध्ये विड्यासाठी थांबावं तसा थांबत प्रेयसीचा निरोप घेत होता. तीही त्याला तसाच सुस्कारा टाकून निरोप देत होती. दोन म्हाताऱ्या देवळाबाहेर एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतायत, असं ते प्रेम दिसत होतं.

मी भडकले. माझा राग आमच्या विभागात प्रसिद्ध आहे. मुलगा बिचारा म्हणाला, "अम्मा, मराठी असंच बोलतात ना? मी दुसरं कुणाचं ऐकलंच नाही."

खरं होतं ते. या पोरांनी पूर्ण मराठी बोलताना फक्त म्हाताऱ्या माणसांना ऐकलंय. आणि त्यांच्याशी जे मराठी बोललं गेलं ते सगळं हुकमाचं. ये, बस, जेव, ऊठ, नको, गप राहा, पाय धू. मराठीत सांगितलेलं त्यांना सगळं कळतं, पण मराठीत स्वतःचं काही सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. मी धाकटीला विचारलं, "तू घरी एकदाही मराठीत उत्तर दिलं नाहीस?" ती तमिळमध्ये म्हणाली, "घरात मला बोलतात. मी ऐकते." आणि मग म्हणाली, "चुकलं तर हसतील."

त्या संध्याकाळी अत्यानं मला आत जेवायला बोलावलं आणि नाटकाबद्दल तिचं मत दिलं. ते मी विचारलं नव्हतं.

"हें कोण बोलतें ग असें?" ती म्हणाली. "आपल्या घरांत येवढें लांब कोणी बोललें अहे का कधीं? पानांत भात वाढीपर्यंत बोलून होतें सगळें. तुझीं माणसें जेवत नहींत, निजत नहींत, नुसतीं बोलत अहेत."

"ते नाटक आहे, अत्या."

"नाटक म्हणून काय झालें? माणसेंच ना तीं?"

मी म्हटलं, तुला नाटकातलं काय कळतं. ती म्हणाली, मज माणसांतलें कळतें. मग मी ताट सरकवून उठले आणि ती भिंतीकडं तोंड करून बसली, आणि आमचं बोलणं बंद झालं. आमच्या घराण्यात अबोला हा छंदासारखा जोपासतात. मन लावून, वेळ देऊन.

दुसऱ्या दिवशी तालीम होती. मुलगा आणि थोरली आली नव्हती, पापनाशमच्या मुलीची बस चुकली होती. एकटी धाकटी आली. अत्या आत स्वयंपाकघरात, मी ओट्यावर, आणि मध्ये ही. आतून अत्याचा आवाज आला, "तिला सांग, कॉफी निवत अहे म्हणून. आणि सांग, एवढा राग बरा नहीं, तिच्या बापाला पण असाच होता, काय मिळालें त्याला?"

धाकटी बाहेर आली आणि मला तमिळमध्ये म्हणाली, "अत्या म्हणतायत, कॉफी गरम आहे तोवर घ्या. त्यांना तुमच्या बाबांची आठवण येतेय."

आतलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी मराठीत म्हटलं, "तिला सांग, माझ्या बापाचं नाव काढायचं कारण नाही, आणि कॉफीत साखर घालायला विसरू नको म्हणावं, कालच्यासारखी." धाकटी आत गेली. मी कान दिला. ती तमिळमध्ये सांगत होती, "अम्मा म्हणाल्या, तुमच्या हातची कॉफी हवी, साखर थोडी जास्त."

अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या. काटे काढून भाजी निवडावी तसे ती दोन्हीकडचे शब्द निवडून देत होती. चेहऱ्यावर काहीच नाही. मराठी एका कानानं घ्यायची, तमिळ दुसऱ्या बाजूनं द्यायची, आणि मधल्या दोन पावलांत भांडण मिटवायचं. मला वाटतं, ती लहानपणापासून घरात हेच करत आली असावी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तीन पिढ्या, लग्न, परदेश सगळं शोधत हिंडले, आणि नाटक माझ्याच घरात ओट्यापासून चुलीपर्यंत ये-जा करत होतं. मी उठून आत गेले. अत्यासमोर बसले आणि म्हणाले, "तू बरोबर होतीस. माणसं फार बोलतात." अत्यानं पेला पुढं केला. साखर बेताची होती, पण मी प्यायले.

मोठं नाटक मी कपाटात ठेवलं आणि नवीन लिहिलं, छोटं. दोन म्हाताऱ्या बहिणी. एकाच घरात मध्ये भिंत घालून राहतात, कित्येक वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. दोघींना तमिळ कळतं, पण बोलतात त्या मराठीच. निरोप पोचवते शेजारची एक मुलगी. तिला मराठी कळतं, पण बोलते ती तमिळ. त्या एकमेकींना जे टोचून बोलतात ते ती तमिळमध्ये गोड करून सांगते. त्यामुळं बघणाऱ्यांना दोन गोष्टी कळतात: मुलगी काय सांगतेय, आणि म्हाताऱ्यांचा सूर बघता मूळचं काय असावं. सरांचा प्रश्न असा आपोआप सुटला. आणि आता बहिणी झालेल्या थोरली नि पापनाशमची यांनी अत्याकडून उचललेले सुस्कारे, कमरेवरचा हात, मधला थांबा, काही म्हणता काही काढून टाकावं लागलं नाही. जी खोड होती तीच कामाला आली. निरोप पोचवणारी मुलगी अर्थात धाकटी झाली. मुलाला मी प्रकाशयोजना दिली. प्रेयसीचा निरोप घ्यायचं टळलं म्हणून तो इतका खूश झाला की मला थोडं वाईटच वाटलं.

दाखवायचा तुकडा आम्ही ठरवला तो असा. थोरली बहीण निरोप देते: तिला विचार, माझी आठवण येते का म्हणून. मुलगी भिंतीपलीकडं जाते. धाकटी बहीण बराच वेळ तांदूळ निवडत राहते आणि म्हणते, नाही म्हणून सांग. मुलगी परत निघते आणि मधोमध, भिंतीपाशी थांबते. इतका वेळ तिनं सगळं गोड करून पोचवलंय. हे कसं पोचवणार? तुकडा तिथंच संपतो.

मला खात्री होती की तिथं बसलेला प्रत्येक माणूस पुढं काय म्हणून विचारेल. अशी खात्री मला आयुष्यात फार वेळा झाली आहे, आणि ती किती वेळा खरी ठरली ते न सांगितलेलं बरं.

चवीच्या दिवशी सकाळपासून अत्या चुलीपाशी होती. मी म्हटलं, हॉलभर माणसांना लिंबूभात पुरे. ती म्हणाली, लिंबूभात बाकीचे आणतील, आपण सांज्याच्या पोळ्या नेऊ, गोड खाताना माणूस उठून जात नहीं. दुपारी रिक्षातून आम्ही दोघी आणि मांडीवर पोळ्यांचा डबा अशी आमची वरात विद्यापीठात आली. कालव्याच्या पुलावर रिक्षा आचके खात होती आणि अत्या डब्याला दोन्ही हातांनी धरून होती, मला कुणी धरलं नव्हतं.

आधी तमिळ नाटक झालं. ते संपायच्या आतच माळी ओरडला, "अप्पुरम?" आणि हॉल हसला. ते नाटक घेतलं. मग एक दुसरं झालं, फार हुशार होतं, त्याला खूप टाळ्या मिळाल्या आणि कुणीच काही विचारलं नाही. ज्यानं ते आणलं होतं तो तरुण प्राध्यापक मुकाट्यानं आपला पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, वाढायला लागला. मला त्याचं वाईट वाटलं. मग आमची पाळी.

पोरी चांगल्या करत होत्या. पहिला टोमणा, आणि त्याचं तमिळमधलं साखर घातलेलं रूप, असं आलं तेव्हा ग्रंथालयातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. दुसऱ्या टोमण्याला हॉल हसला. तिसऱ्याला कँटीनवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. मराठी एकालाही येत नव्हतं आणि सगळ्यांना कळत होतं. मी विंगेत उभी होते, हातात सुई-दोरा, सवयीनं. आतापर्यंत विंगेत उभं राहून मी नेहमी कपड्यांकडं बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी कपड्यांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर थोरलीचा पदर सुटलेला दिसला असता.

मग तो निरोप आला. आठवण येते का म्हणून विचार. पापनाशमचीनं तांदूळ निवडले, सुस्कारा टाकला, अगदी अत्याचा, आणि म्हणाली, "नहीं म्हणून सांग." धाकटी वळली, भिंतीपाशी आली आणि थांबली. तुकडा संपला.

हॉल गप्प झाला.

टाळ्याही नाहीत. सरांनी समोर घड्याळ ठेवलं. पंख्याचा आवाज येत होता. मी माळ्याकडं बघितलं, तो मान खाली घालून बसला होता. ग्रंथालयातल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला होता. मला कळेना, माणसांना आवडलं नाही की फार लागलं. पण नियम हा नियम. लागलं म्हणून नाटक हंगामात येत नाही, कुणीतरी विचारावं लागतं. मी स्वतः विचारू शकत नव्हते, नाटक माझं. मनात एवढंच आलं, की हे आता सुटतंय, आणि सुटलं की सुटलं. सरांचा हात घड्याळाकडं गेला.

तेवढ्यात मागून, पोळ्यांच्या डब्यापासून आवाज आला. खणखणीत.

"मग? पुढें काय झालें ग?"

सगळा हॉल मागं वळला. अत्या डब्यावर हात ठेवून बसली होती आणि मंचाकडं बघत होती. पुढं काय होतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिनंच ते पोरींकडून घोकून घेतलं होतं, दोन-दोनदा. एका विद्यार्थ्यानं सरांना विचारलं, हे चालतं का. सर म्हणाले, "कुठल्या भाषेत विचारायचं ते मी कधी सांगितलं नव्हतं." पण घड्याळ त्यांनी उचललं नाही. ते मंचाकडं बघत राहिले.

कारण मंचावर धाकटी हलली होती. नियमाप्रमाणे तिनं गप्प उभं राहायला हवं होतं, आणि गप्प राहण्यात ती आमच्यात सगळ्यांत पटाईत. तिनं थोरलीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. ती अत्याकडं बघत होती. तिचे ओठ दोनदा हलले आणि आवाज आला नाही. मग आला.

"मी सांगतें, अत्या. पोंगल झाल्यावर ये."

हे नाटकात नव्हतं. मी लिहिलं नव्हतं, अत्यानं शिकवलं नव्हतं. आणि त्यात अत्याचा सुस्कारा नव्हता, थांबा नव्हता. एका मुलीचा आवाज होता, थोडा कापरा. मी ज्या भाषेत जन्मले तिच्यात इतक्या कोवळ्या गळ्यानं, स्वतःच्या मनानं बोललेलं वाक्य मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. मी सुई-दोरा खाली ठेवला. मला रडू आलं आणि मी रडले.

अत्यानं कानाला हात लावला. "काय ग? ऐकूं आलें नहीं."

धाकटी मंचावरून उतरली. माणसांच्या मधून, पाय चुकवत, मागच्या भिंतीपर्यंत गेली, अत्याच्या कानाशी वाकली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी सांगतें! पोंगल झाल्यावर ये!"

मग एकदम गलका झाला. माळी, कँटीनवाला, ग्रंथालयातल्या बायका, सगळे "अप्पुरम? अप्पुरम?" म्हणून ओरडत होते. म्हाताऱ्या बाईनं काय विचारलं नि पोरीनं काय सांगितलं हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं. सर घड्याळ खिशात टाकून उठले आणि पोळ्यांकडं गेले. जाताना मला म्हणाले, "पार्त्ताच्चु." बघून झालं. एवढंच. या माणसाचे उपकार मी कसे फेडणार आहे, मला माहीत नाही. म्हणून फळ्यापाशी उभी राहते.

पोळ्या उरल्या नाहीत. परत येताना रिकामा डबा माझ्या मांडीवर होता आणि अत्या बाहेरचा भात बघत होती. नुकती लावणी झालेली शेतं होती. पूल ओलांडल्यावर मी तिला म्हटलं, "अत्या, तुझे कान कधीपासून गेले ग?"

"कान माझे बरे अहेत," ती म्हणाली. "दोनदां बोललें म्हणजे बसतें."